दुकानासाठी घेतलेला चार कॅमेऱ्यांचा सीसीटीव्ही सेट, नऊ महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

खरं तर हा रिव्ह्यू दुसऱ्याच महिन्यात टाकणार होते, आणि तेव्हा टाकला असता तर पिक्चर क्लिअर आहे, अ‍ॅप बरं आहे, फिटिंगवाले वेळेवर आले, पाच स्टार, एवढंच लिहून मोकळी झाले असते. पण मधे एक रात्र अशी गेली की त्या डब्यात काय चांगलं आणि काय वाईट ते मला खऱ्या अर्थाने कळलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय, लांब होईल, पण ज्यांना दुकानाला किंवा सोसायटीला कॅमेरे लावायचेत त्यांनी वाचाच.

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, नाशकातच, एरिया सांगत नाही कारण पुढे ज्या पोराबद्दल लिहिलंय त्याला आणखी त्रास नको. ब्रँडचं नाव पण मुद्दाम टाकत नाही, कारण या किमतीत जे सेट मिळतात त्यांच्या खोडी थोड्याफार सारख्याच असतात. एम. जी. रोडवरून घेतला, चार चॅनेलचा डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा), दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे (दोन आत डोम, दोन बाहेर बुलेट), एक टीबीची हार्ड डिस्क, वायर आणि फिटिंग धरून साडेसोळा हजार. बाहेरच्या एका कॅमेऱ्याला माईक आहे, त्याचे तीनशे जास्त गेले. मी नको म्हणत होते, फिटिंगवाला दादा म्हणाला "ताई घ्या हो, लोक उधारीवरून भांडतात तेव्हा आवाज कामाला येतो". त्या तीनशे रुपयांबद्दल मी त्याचे आजही आभार मानते.

आधी साध्या गोष्टी. दिवसा चित्र एकदम मस्त, काउंटरवरची नोट किती रुपयांची ते दिसतं. रात्री ब्लॅक अँड व्हाईट होतं, वीस-पंचवीस फुटांपर्यंत माणूस ओळखू येतो, त्याच्या पुढे नुसती आकृती. गाडीचा हेडलाईट थेट आला की अख्खं चित्र पांढरं होतं आणि नंबर प्लेट तर रात्री विसराच. मोबाईल अ‍ॅपवर लाईव्ह चांगलं दिसतं पण मागचं रेकॉर्डिंग अ‍ॅपवर काढलं तर हलक्या क्वालिटीचं येतं, खरं फुटेज हवं तर डीव्हीआरला माऊस लावून पेन ड्राईव्हवरच घ्यायचं. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा सगळं बंद, म्हणून नंतर छोटा यूपीएस घेतला, तो खर्च वेगळा धरा.

आता त्या रात्रीचं.

आमच्या समोरच्या चौकात अधूनमधून रात्री नाकाबंदी असते. त्या दिवशी मी साडेनऊला शटर ओढून घरी गेले होते, त्यामुळे डोळ्यांनी काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरचा पानवाला म्हणाला काल एका पोराला लई मारलं, मी हळहळले आणि कामाला लागले, डोक्यात सुद्धा आलं नाही की माझा तीन नंबरचा कॅमेरा बरोबर त्याच बाजूला बघतोय. नवव्या दिवशी एक बाई आल्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, झेरॉक्स काढायला आल्या असतील असं वाटलं. कागद पुढे न करता वर बघत म्हणाल्या, "ताई, तुमचा हा कॅमेरा चालू आहे का हो? त्या दिवशीचं त्यात असंल का?"

त्यांचा मुलगा अंबडच्या एका कंपनीत सेकंड शिफ्ट करून घरी येत होता, गाडी भावाची, लायसन्स घरी राहिलेलं. एफआयआरमधे लिहिलेलं की त्याने शिवीगाळ केली, पोलिसांच्या अंगावर धावून गेला, आणि पडल्यामुळे लागलं. कलम लावलं भारतीय न्याय संहितेचं १३२, म्हणजे आपण सगळे ज्याला अजून ३५३ म्हणतो ते, सरकारी कामात अडथळा. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन झाला, सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, पण बोलणारं कोण, चौकातले चार जण बघत होते आणि चौघेही "आम्ही नव्हतो" म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही, रोज तिथेच धंदा करायचा असतो.

मी शटर अर्धं ओढलं, त्यांना स्टुलावर बसवलं आणि मॉनिटरवर तारीख टाकली. वेळ टाकली तर तिथे काहीच नाही, रिकामा रस्ता, दोन कुत्री. बाईंचा चेहरा उतरला. मग पुढे मागे करत करत लक्षात आलं की डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. नऊ महिन्यांतली सगळ्यात मोठी तक्रार माझी हीच आहे. फिटिंग करताना घड्याळ हाताने लावलेलं, इंटरनेटवरून वेळ आपोआप घ्यायचं सेटिंग मेनूमधे आहे पण बंद ठेवलेलं, आणि हे कोणी सांगितलं नाही.

क्लिप सापडली. सव्वादोन मिनिटांची. पोरगा गाडी साईडला लावतो, हात जोडून काहीतरी सांगतो, एक पोलीस कॉलर धरतो, पोरगा हात झटकतो (हे पण दिसतं, मी लपवत नाही, एकदा झटकलाय), मग कानाखाली बसते आणि तो खाली उकिडवा बसतो, दोन्ही हात डोक्यावर. बसल्यावर काठी सुरू होते. पोटरीवर, पाठीवर, मी सात मोजल्या. आणि माईकमधे ट्रॅफिकच्या आवाजातून मधेच स्पष्ट ऐकू येतं, "साहेब, बसलोय ना मी, बसलोय ना." शिवी त्याच्या तोंडून एक नाही. बाई ते ऐकून रडल्या नाहीत, फक्त पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पुन्हा लावा." मी तीनदा लावलं, चौथ्यांदा माझ्याच्याने झालं नाही.

अजून एक गोष्ट त्यात आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगते. सातव्या काठीनंतर दुसरा एक पोलीस, वयाने मोठा, मधे येतो आणि त्याची काठी मनगटाजवळ धरतो, सोडत नाही, त्याला बाजूला नेतो. माणसं सगळी एका माळेचे मणी नसतात. बारा-बारा तास ड्युटी, सणावाराला सुट्टी नाही, आणि २०२७ चा कुंभ येतोय तर ताण वाढणारच, हे मला कळतं, माझ्या माहेरी पोलीस खात्यातले लोक आहेत. पण ज्या माणसाने मधे येऊन काठी अडवली त्याची पण तीच ड्युटी होती, तेच तास होते.

आता प्रॉडक्टचा जो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, तो म्हणजे हार्ड डिस्क. एक टीबीमधे चार कॅमेरे सतत रेकॉर्ड करायला ठेवले तर माझ्याकडे तेरा दिवसांचं राहतं, चौदाव्या दिवशी पहिल्या दिवसावर नवीन चढतं. बाई आल्या नवव्या दिवशी, म्हणजे चारच दिवस उरले होते. त्या आठवडाभर वकील शोधत आणि दवाखान्याच्या चकरा मारत होत्या, अजून आठवडा गेला असता तर संपलं होतं. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून एक वर्ष मिळतं, आणि पुरावा मात्र आपल्या काउंटरखालच्या डब्यात तेरा दिवसांनी पुसला जातो. दुकानात विकणारे "आरामात महिनाभर राहतं" म्हणतात, ते खरं धरू नका, घरी येऊन सगळ्यात जुनी तारीख उघडून बघा. मी आता दोन टीबीची टाकतेय.

यावरून एक सांगते. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी केसमधे सांगून ठेवलंय की देशातल्या प्रत्येक पोलीस स्टेशनात कॅमेरे हवेत, आत यायच्या जायच्या दारांवर, लॉकअपमधे, व्हरांड्यात, इन्स्पेक्टरच्या खोलीत सुद्धा, रात्री दिसणारे आणि आवाज घेणारे, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, ते जमलंच नाही तर कमीत कमी एक वर्ष. कोणाला मारहाण झाल्याची तक्रार असेल तर मानवी हक्क आयोग ते फुटेज मागवू शकतो. कागदावर किती छान आहे. आणि त्याच वर्षी जूनमधे तमिळनाडूत साथानकुलमला काय झालं, मोबाईलचं दुकान चालवणारे बाप-लेक, जयराज आणि बेनिक्स, लॉकडाऊनमधे दुकान उघडं ठेवलं म्हणून स्टेशनला नेले आणि काही दिवसांत दोघेही गेले. चौकशीला गेलेल्या मॅजिस्ट्रेटना काय सापडलं, तर स्टेशनच्या कॅमेऱ्याला एक टीबीची डिस्क, म्हणजे माझ्याच दुकानाएवढी, पण रोजचं रेकॉर्डिंग रोज पुसलं जाईल असं सेटिंग केलेलं. आणि एफआयआरमधे जे लिहिलेलं, की हे दोघे दुकानाबाहेर रस्त्यावर लोळले, शिवीगाळ केली, ते खोटं पडलं शेजारच्या एका दुकानाच्या सीसीटीव्हीमुळे. हे मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण तो कॅमेरा लावणाऱ्याने पण माझ्यासारखाच चोरीच्या भीतीने लावला असणार.

फुटेज काढायचं कसं, यात मी चुका केल्या, तुम्ही करू नका. आधी मी घाईत मॉनिटरचंच मोबाईलने शूटिंग केलं. त्याला कोर्टात फारसा अर्थ नाही म्हणे, वकील मॅडमनी सांगितलं मूळ फाईल हवी. पेन ड्राईव्ह लावला तर डीव्हीआरने ओळखलाच नाही, तो फॅट ३२ मधे फॉरमॅट करावा लागतो. मग फाईल आली ती त्या कंपनीच्याच प्लेअरमधे चालणारी, म्हणून तीच्या तीच एक कॉपी आणि एमपी४ मधे दुसरी अशा दोन घेतल्या, आणि दोन मिनिटांची न घेता मागची पुढची धरून पूर्ण एक तासाची घेतली. कापायची अजिबात नाही. कापलेली क्लिप दिली की पहिला प्रश्न हाच येतो, की आधीचं कुठे गेलं. पोराने हात झटकला ते पण त्यात राहू दे, मला त्याची भीती वाटत नाही, हात झटकला म्हणून खाली बसलेल्या माणसाला सात काठ्या कुठल्या कायद्यात बसतात. अटक करतानासुद्धा माणूस पळून जाऊ नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त अडवून धरायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४६, आधी सीआरपीसीत ४९ होतं.

घड्याळाच्या अकरा मिनिटांचं काय, तर मोबाईलवरची खरी वेळ आणि डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ शेजारी शेजारी धरून व्हिडिओ काढला आणि फुटेजच्या कॉपीसोबत कोर्टात जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्यात तसं स्पष्ट लिहिलं. हे सर्टिफिकेट म्हणजे आधीचं ६५ ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३. नवीन फॉर्मचे दोन भाग आहेत, एक भाग आपण भरायचा जो मशीन चालवतो, दुसरा जाणकाराने, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू टाकायची असते, म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच समजा, एक फ्रेम इकडची तिकडे झाली तरी आकडा बदलतो. अशा सर्टिफिकेटशिवाय कॉपी चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली आपल्या जालन्याच्याच खोतकर-गोरंट्याल निवडणुकीच्या केसमधे पक्कं केलेलं. मला वाटायचं ही वकिलांची कामं, पण फॉर्म दोन पानांचा आहे, माझ्या दुकानात रोज याच्यापेक्षा किचकट फॉर्म भरले जातात.

बाराव्या दिवशी दुपारी दोन पोलीस दुकानात आले. आवाज चढवला नाही, नीट बोलले, "मॅडम, साहेबांनी डीव्हीआर मागितलाय, घेऊन जातो." माझे हातपाय थरथरत होते पण वकील मॅडमनी शिकवून ठेवलेलं तेच बोलले, की दादा, देते ना, लेखी नोटीस आणा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची, आणि जप्तीचा पंचनामा करा, मला पोच द्या. आता जप्ती करताना पोलिसांनी स्वतः व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, त्याच संहितेचं कलम १०५, मोबाईलवर केलं तरी चालतं, हे पण मी म्हणाले. ते एकमेकांकडे बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी खरंच नोटीस घेऊन आले, पंचनामा झाला, सह्या झाल्या. डीव्हीआर गेला तो सव्वा महिन्याने परत आला, तेवढे दिवस दुकान बिनकॅमेऱ्याचं. पण तोपर्यंत माझ्याकडे दोन पेन ड्राईव्ह, बाईंकडे एक, वकिलांकडे एक. डीव्हीआरचा पासवर्ड फिटिंगवाल्याने ठेवला होता तोच चालू होता, १ ते ६ आकडे, तो पण आधी बदलला. तुम्ही पण आज बदला.

शेजारच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या पोराला ती क्लिप इन्स्टाला टाकायची होती, म्हणे "काकू एका रात्रीत निलंबन होतं बघा." मी दिली नाही. एक तर चेहरा त्या मुलाचा, इज्जत त्याची, मार खाताना सगळ्या गावाने बघावं का हे त्याच्या आईने ठरवायचं, मी नाही. आणि निलंबन म्हणजे शिक्षा नाही हो, चौकशी होईपर्यंत बाजूला बसवणं आहे, भत्ता चालू असतो, लोक रील विसरतात आणि मग पुढे काय झालं कोणी विचारत नाही. व्हायरल झाल्याशिवाय हलतच नाही हे पण खरं आहे, मी नाकारत नाही. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉईडच्या वेळी, २०२० च्या मे महिन्यात, पोलिसांचं पहिलं निवेदन होतं की माणसाला मेडिकल त्रास झाला आणि तो गेला. सतरा वर्षांच्या एका मुलीने रस्त्यावर उभं राहून मोबाईलवर शूट केलं नसतं तर तेच खरं म्हणून राहिलं असतं. पण तिथे व्हिडिओनंतर खटला चालला, २०२१ ला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे व्हिडिओ येतो तिथेच गोष्ट संपते.

आणि आपण बघणारे कसे आहोत ते पण लिहिते. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला ते "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" होतं, पकडलेले लोक कॅमेऱ्यासमोर हात जोडून ते वाक्य म्हणताना. शहरात खून, कोयते, गाड्यांची तोडफोड यांना लोक इतके कंटाळलेले की सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं, मी पण फॉरवर्ड केलं, आणि त्यातला एखादा लंगडताना दिसला तर का लंगडतोय हे मी विचारलं नाही. माझ्या मॉनिटरवर ते पोरगं उकिडवं बसलेलं बघितल्यावर मात्र मी ते जुने फॉरवर्ड शोधून पुन्हा बघितले. गुन्हेगाराला धाक हवाच, कोर्टातून शिक्षा पण हवीच, पण काठी कोणावर आणि किती हे रस्त्यावर एकाच माणसाने ठरवायचं म्हटलं तर आज गुंड आहे, उद्या शिफ्टवरून येणारा आपला पोरगा.

पुढे काय केलं, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी लिहिते. आयुक्तांच्या नावाने लेखी अर्ज, आवक-जावकचा शिक्का मारून पोच. एक प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला, मुंबईला, हे असं प्राधिकरण आपल्या राज्यात आहे हे मलाच माहिती नव्हतं, सुप्रीम कोर्टाने २००६ ला प्रकाश सिंह केसमधे प्रत्येक राज्याला सांगितलं तेव्हा कुठे ते झालं. एक प्रत मानवी हक्क आयोगाला. स्टेशनात गेलात आणि तिथलं बोलणं रेकॉर्ड केलं तर सरकारी गोपनीयता कायद्याची (ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट) भीती घालतात, त्यावर आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ ला सांगितलंय की पोलीस स्टेशन त्या कायद्यात "प्रतिबंधित ठिकाण" म्हणून येतच नाही. मी त्याचं प्रिंट काढून काउंटरच्या ड्रॉवरमधे ठेवलंय, कोणी मागितलं तर झेरॉक्सचे पैसे घेत नाही.

आज स्थिती अशी की खात्याची चौकशी चालू आहे, माझा जबाब दोनदा झाला. मुलावरची केस अजून तशीच आहे, तारीख पडते, त्याचा एक दिवसाचा पगार जातो. पाय बरा झालाय. मधे येऊन काठी धरणाऱ्या त्या मोठ्या पोलिसाचा जबाब झाला का, ते मला कोणी सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त आशा त्यांच्याकडूनच आहे.

रेटिंग विचाराल तर दिवसाच्या चित्राला पाच, माईकला पाच, रात्रीला तीन, घड्याळाला शून्य, अ‍ॅपला दोन, विक्रीनंतरच्या सर्व्हिसला तीन कारण फोन उचलतात पण आज सांगितलं तर चार दिवसांनी येतात. एकूण साडेतीन. घेताना तीन गोष्टी दुकानातच भांडून घ्या, डिस्क दोन टीबीची, बाहेरच्या कॅमेऱ्याला माईक, आणि घड्याळ इंटरनेटला जोडून. पेन ड्राईव्हवर कॉपी कशी काढायची ते फिटिंगवाला जायच्या आधी स्वतः एकदा करून बघा, त्याला बाजूला उभं करून.

घरचे म्हणत होते की तीन नंबरचा कॅमेरा आता आत वळवून घे, कशाला नसती झंझट. रविवारी फिटिंगवाला दादा डिस्क टाकायला येतोय, त्याला सांगितलंय की कॅमेरा वळवू नको, फक्त थोडा खाली झुकव, चौकात हेडलाईट डोळ्यात येतो त्याने चेहरे पांढरे पडतात.